पोटमाळा

घरात माणसं वाढली की घराचा आवाज बदलतो. भांड्यांचा, कडीकोयंड्यांचा, मोरीत पडणाऱ्या पाण्याचा, अंधारात कूस बदलणाऱ्या अंगांचा, आणि पहाटे कुणाची झोपमोड नको म्हणून दबकत चालणाऱ्या एखाद्या बाईच्या जोडव्यांचासुद्धा. २०१९ च्या ऑगस्टात वारणेनं पात्र सोडलं तेव्हा नदीकाठच्या गावांतली माणसं मिळेल त्या वाटेनं उंचावरच्या सोयऱ्यांकडे निघाली. वारणानगरला आमच्या घरीही मावशीकडची सगळी आली. ओली बोचकी, प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं रेशनकार्ड, तापानं फणफणलेलं एक लेकरू, आणि दावं कापून सोडून द्यावी लागलेली म्हैस, जी आली नव्हती तरी त्यांच्या बोलण्यात सारखी हंबरत होती. बाहेर पाऊस, आत माणसं. पिठाचा डबा बघता बघता तळाला गेला. संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंनी हाक मारली, "पाव्हणं आल्यात न्हवं? भाकरीचा आवाज थांबंना, म्हणून म्हटलं." आणि घटकाभरात त्यांच्याकडून फडक्यात बांधलेली ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड आली, वर खर्डा.

भाकरी थापण्याच्या आवाजावरून घरातली माणसं मोजणारा शेजार. मला त्या दिवशी त्याचं केवढं कौतुक वाटलं.

पुढं कधीतरी पोलंडमधल्या मार्कोव्हा नावाच्या खेड्याची हकीकत वाचनात आली. जर्मन अमलाखाली, दुसऱ्या महायुद्धात, तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरात वर्षाहून अधिक काळ आठ ज्यू माणसं लपून राहिली होती, हे वाचलं तेव्हा मला सगळ्यांत आधी आठवलं ते पीठ. धैर्य, धर्म, माणुसकी हे मोठे शब्द मागाहून आले. आधी मनात आलं, रोजचं एवढं पीठ आणत कुठून असतील? दळण वाढलं हे कुणाच्या ध्यानात आलं नसेल? पाण्याच्या वाढलेल्या खेपा? उशिरापर्यंत धुमसणारी चूल? दोरीवर चुकून वाळत राहिलेला, घरातल्या कुणाच्याच मापाचा नसलेला एखादा सदरा? आणि भिंतीपलीकडे एखादी काकू असेलच की, भाकरीचा आवाज मोजणारी. त्या दिवशी ज्या कानांचं कौतुक वाटलं होतं, त्याच कानांची आता भीती वाटू लागली.

शेतकऱ्याचं नाव यूझेफ उल्मा. बायको विक्तोरिया. तो १९०० सालचा, ती त्याच्याहून बारा वर्षांनी लहान; १९३५ साली लग्न झालेलं. माणूस मोठा खटपट्या. फळझाडांची रोपं करायचा, मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचा, तुती लावून रेशमाचे किडे पोसायचा. वाऱ्यावर फिरणारं पातं उभारून त्यानं घरात विजेचा दिवा पेटवला होता. कॅमेराही स्वतःच जुळवलेला. असा माणूस आपल्याकडे गावोगाव सापडतो. कारखान्यात फिटर असतो, सुट्टीच्या दिवशी लोकांच्या मोटारींचं वायंडिंग भरून देतो, पाखरांची अंडी कुठं आहेत हेही त्यालाच ठाऊक असतं, आणि गल्लीतली सगळी लग्नं त्याच्याच कॅमेऱ्यात कैद झालेली असतात. यूझेफनं काढलेले शेकडो फोटो उरले आहेत. पोरांच्या घोळक्यात उभी विक्तोरिया. वहीवर वाकलेल्या पोरीशेजारी बसलेली विक्तोरिया. गवतात फतकल घातलेली, उन्हानं डोळे बारीक केलेली पोरं. फोटो काळे-पांढरे, पण त्यातला उजेड मला पिवळा दिसतो. सुगी आटोपल्यावर पन्हाळ्याच्या अंगाला कलत जाणारा, खळ्यावरच्या धुळीला सोन्याचं करून टाकणारा, कुठल्याही गोष्टीची घाई नसलेला उजेड.

त्या उजेडाच्या डोक्यावर पोटमाळा होता.

आमच्या जुन्या घरातही पोटमाळा होता. शेंगांची पोती, गुळाच्या ढेपा, जावळा-बारशाला खाली उतरणारी मोठी पातेली, पावसाळ्यासाठी रचलेल्या शेणी; आणि कौलात बसवलेल्या एकुलत्या काचेतून तिरपा उतरणारा उन्हाचा खांब, ज्यात धुळीचे कण न थकता वर-खाली करत असायचे. लपाछपीत मी तिथं जाऊन बसायचे. पहिल्यांदा मजा वाटायची, मग घाम यायचा, मग नाकात गुळाचा आणि उंदरांचा एकत्र वास भरायचा, मग पायाला मुंग्या; आणि खाली राज्य घेतलेलं पोर अगदी शिडीशी आलेलं असताना शिंक यायची. मी लपले होते ती चार-दोन मिनिटं. खेळ संपायचा तो कुणीतरी माझ्या नावानं हाक मारली म्हणून. मार्कोव्ह्याच्या माळ्यावर बसलेल्यांना नावानं मारलेली हाक हेच मरण होतं.

कोण होती ती माणसं? जवळच्या वाइंत्सुत गावचा साऊल गोल्डमन, गुरांचा व्यापारी, आणि त्याचे चार मुलगे. गोल्डा ग्र्युनफेल्ड आणि लेआ दिदनेर या दोघी बहिणी, उल्मांच्या ओळखीच्याच, आणि त्यांतल्या लेआची लहान मुलगी. १९४२ च्या उत्तरार्धात ती आली. तोवर मार्कोव्ह्यातल्या बहुतेक ज्यूंना मारून टाकलं होतं. ज्यूंना थारा देणाऱ्यालाही मृत्युदंड, हा जर्मनांचा फतवा १९४१ च्या ऑक्टोबरातला. म्हणजे दार उघडताना काय उघडतो आहोत हे उल्मांना पक्कं ठाऊक होतं. आणि घरात त्यांची स्वतःची पोरं होती. स्ताशा, बाशा, व्वाजू, फ्रानुश, अंतोश आणि मारिशा. १९४४ च्या मार्चपर्यंत थोरली आठ वर्षांची होत आलेली, धाकटी दीड वर्षाची.

आठ ही आणि आठ ती. सोळा माणसांचा स्वयंपाक.

विक्तोरियाबद्दल वाचताना मी पुन्हा पुन्हा पोरांपाशी अडखळते. आपल्याकडची पोरं घरातलं काही पोटात ठेवत नाहीत. आईनं काल कुणाकडून उसनी साखर आणली हे बालवाडीच्या बाईंना पोरानंच सांगितलेलं असतं. मग विक्तोरियानं सहा पोरांना गप्प राहायला शिकवलं कसं? धाकावर ते होत नाही. धाक दिलेलं पोर उलट पहिल्यांदा तेच बोलतं. मला वाटतं, तिनं त्यांना गुपित सांगितलंच नसेल. माळ्यावरची माणसं घरचीच करून टाकली असतील. आणि घरात आजोबा आहेत, काका आहेत, हे काही पोरं गावभर सांगत हिंडत नाहीत. यूझेफ आणि ते गोल्डमन मिळून कातडी कमावायचे, लाकडं फोडायचे. फोटोंत तेही आहेत. मरणाच्या छायेतला माणूस इतका साधा दिसतो, हातात करवत धरून कॅमेऱ्याकडे बघतो, हे पाहून आधी विश्वास बसत नाही; मग लक्षात येतं की चोवीस तास भीत राहणं कुणालाच जमत नाही. भीतीलाही पाठ टेकावी लागते. त्या घरात ती कधीतरी दुपारी, जेवणानंतर, जरा आडवी होत असेल, आणि तेवढ्यात कुणीतरी हसत असेल.

वारणानगरात रविवारी वारा नीट असेल तर कोडोलीच्या चर्चची घंटा ऐकू येते. कोडोलीचं मिशन जुनं, दवाखाना जुना, आणि तिथली ख्रिस्ती घरं इथल्या मातीत पार मुरलेली. नाताळात त्यांच्याकडे करंज्या आणि चकल्या, आमच्याकडे दिवाळीत तेच. ताटांची देवाणघेवाण लहानपणापासूनची. माझ्या एका मैत्रिणीची आई रविवारी संध्याकाळी मोठ्यानं शास्त्र वाचायची, आणि मी उंबऱ्यावर बसून ऐकायचे. तिथंच पहिल्यांदा कानावर पडला तो शोमरोनी. यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, बाजूनं निघून जाणारा याजक, तसाच निघून जाणारा लेवी. आणि मग आलेला तो परक्या जातीचा वाटसरू, ज्याचा विटाळ मानायचा असं त्या मुलखाचं शिक्षण, आणि ज्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं. वाचता वाचता काकी थांबायच्या, चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "खाणावळवाल्याला पैसं बी दिलं हो त्यानं. त्ये कुनी ध्यानात घेत न्हाई." खरंच आहे. दया करून निघून जाणं सोपं. मागचा हिशेब चुकता करायला लागतो.

उल्मांच्या घरातलं बायबल सापडलं तेव्हा त्यात याच गोष्टीखाली लाल रेघ ओढलेली होती, आणि शेजारी त्यांच्या भाषेत "होय" असं लिहिलेलं होतं. बाकी काही टिप्पणी नाही. आठ माणसांची विचारपूस, नवरा-बायकोंची रात्रीची कुजबुज, पोरांचं काय होईल ही धास्ती, सगळं त्या एका शब्दात त्यांनी मिटवून टाकलं असेल. मिटलं असेल का? मला नाही वाटत. "होय" एकदा म्हणून भागत नसावं. रोज सकाळी चूल पेटवताना ते नव्यानं म्हणावं लागत असेल, आणि काही सकाळी ते तोंडातून फुटतही नसेल, तरी हात मात्र सवयीनं सोळा माणसांचं पाणी उकळायला ठेवत असतील.

१९४४ च्या मार्चमधली चोविसावी तारीख. शुक्रवार. आपल्या पंचांगात ती फाल्गुनातली अमावास्या. आकाशात चंद्र नसलेली रात्र. पहाट व्हायच्या आत जर्मन शिपाई गाड्या घेऊन आले. गोल्डमनांची मालमत्ता ज्यानं स्वतःकडे ठेवून घेतली होती अशा वाइंत्सुतच्या एका पोलिसानं ही बातमी पोचवली, असं अभ्यासकांचं मत आहे. आधी ज्यू माणसांना मारलं. मग यूझेफला आणि विक्तोरियाला घरासमोर. विक्तोरियाचे दिवस भरत आले होते. मग पोरांना. ते कसं, किती वेळ, कोण काय म्हणालं, हे लिहून ठेवलेलं आहे. मी ते वाचलं आहे आणि इथं उतरवणार नाही. गोल्डा आणि लेआचा एक फोटो उरला, त्यावर रक्ताचे डाग आहेत. काही दिवसांनी गावकऱ्यांनी बंदी मोडून, रात्रीच्या वेळी प्रेतं उकरली आणि पेट्यांत ठेवून पुन्हा पुरली, तेव्हा त्यांना कळलं की विक्तोरियाचं बाळंतपण सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी, पंचविसाव्या तारखेला, तिकडे देवदूतानं मरियेला बाळाची वार्ता दिल्याचा सण. इकडे आपल्याकडे गुढीपाडवा.

इथपर्यंतची गोष्ट आता जगाला ठाऊक आहे. १९९५ मध्ये इस्राएलच्या याद वाशेम या स्मारक संस्थेनं यूझेफ आणि विक्तोरियाला सन्मान दिला, मार्कोव्ह्यात २०१६ मध्ये संग्रहालय उघडलं, आणि १० सप्टेंबर २०२३ रोजी चर्चनं त्या सगळ्या कुटुंबाला, जन्माला येता येता गेलेल्या त्या बाळासकट, धन्य म्हणून घोषित केलं. पण माझं मन उल्मांच्या दारात फार वेळ थांबत नाही. ते शेजारच्या दारांकडे वळतं. कारण मार्कोव्ह्यात आणखीही घरं होती, जिथं ज्यू माणसं लपलेली होती. कुणाच्या गवताच्या गंजीमागं, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या तळघरात. त्या पहाटेचे बार त्या घरांतही ऐकू गेले. उजाडल्यावर काय घडलं ते गावभर झालं. लेकरांनाही सोडलं नाही, हे प्रत्येक आईच्या कानावर गेलं. आणि प्रत्येक घरात, प्रत्येक चुलीपाशी, एका बाईनं वर बघितलं असेल. आपल्या पोरांकडे एकदा, आणि मग वर.

त्या सकाळी त्यांना "आता तुम्ही जा" असं म्हणता आलं असतं. कोण दोष देणार होतं? मी तरी दिला नसता. मी बहुधा तेच केलं असतं. युद्ध संपलं तेव्हा मार्कोव्ह्यातल्या इतर घरांतून डझनाहून अधिक ज्यू माणसं जिवंत बाहेर आली. उल्मांचं धैर्य अथांग आहे, त्याला मी हात जोडते. पण अंगावर काटा येतो तो त्या पाडव्याच्या सकाळी गुपचूप आणखी एक वाटी पीठ मळून घेणाऱ्या बायकांच्या विचारानं. त्यांनी फळ पाहिलं होतं. पाहूनही हात आखडला नाही. भाकरीचा आवाज मोजणारे कान त्या गावातही असणारच, आणि त्यांतल्या बऱ्याच कानांनी ऐकलं आणि ओठांनी सांगितलं नाही. एका घराचं गुपित ते घर राखत नाही. गाव राखतं. आणि फोडतं तेव्हा गावातलंच एखादं तोंड फोडतं.

आता इथून पंचगंगेकडे यायला हवं, कारण त्याच वेळी, अगदी त्याच महिन्यांत, पोलंड आमच्या दारात येऊन बसलेलं होतं.

कोल्हापूर-मिरज रेल्वेवर वळिवडे नावाचं छोटं स्टेशन आहे. १९४३ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, तिथं पोलिश माणसं उतरू लागली. बायका, मुलं, म्हातारे. १९४० पासून रशियनांनी त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून मालगाड्यांनी सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. १९४१ मध्ये करार होऊन सुटका झाली, मग कास्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून कराची, आणि शेवटी हा आमचा काळ्या मातीचा, उसाच्या वासाचा मुलूख. पुढं ती वस्ती सुमारे ५,००० माणसांची झाली. त्यांचं चर्च, त्यांच्या शाळा, नाटकं, बालवीरांची पथकं, सगळं पंचगंगेकाठी उभं राहिलं. याच वाटेनं पोलंडची ज्यू लेकरंही आली होती. आई-बाप गमावलेली, तेहरानपर्यंत पोचलेली शेकडो मुलं १९४३ च्या सुरुवातीला जहाजानं कराचीवरून पुढं सुएझकडे आणि तिथून पॅलेस्टाईनला गेली. एकाच बंदरावर, काही महिन्यांच्या अंतरानं, एकाच देशाची दोन धर्मांची पोरं आपापल्या आसऱ्याकडे वळली. कराचीच्या धक्क्यावरल्या हमालांना त्यांच्यात काही फरक दिसला असेल असं मला वाटत नाही. गोरी, सुकलेली, मोठ्या डोळ्यांची पोरं.

माझ्या आजीचं माहेर रुकडीच्या बाजूचं. ती सांगायची, "पोलंडच्या बाया अंडी घ्यायला यायच्या. बोटांवर मोजायच्या. मंग मराठीत मोजाया शिकल्या." आणि थोडं थांबून, "लई नीटनेटक्या. पर हसायच्या न्हाईत पयल्यांदा." मागं राहिलेल्यांचं काय झालं, याची बातमी त्यांतल्या कितीजणींना मिळत असेल? पोलंडच्या एका खेड्यात विक्तोरिया जेव्हा पायऱ्यांखाली उभी राहून वर भाकरीची टोपली देत होती, तेव्हा तिच्याच भाषेत बोलणारी एखादी बाई वळिवड्याच्या बाजारात, आमच्या आजीसमोर, "धा" म्हणायला शिकत होती. या दोघी एकमेकींना कधी कळणार नव्हत्या. मला मात्र त्या एकाच चित्रात दिसतात, मध्ये हजारो मैलांचं अंतर आणि तेच पिवळं ऊन.

कोल्हापूरकराला या छावणीचा अभिमान आहे, आणि तो असावाही. पण मार्कोव्ह्याच्या शेजारी वळिवडे ठेवलं की माझी जीभ जरा जड होते. आपण जागा दिली. छावणीच्या खर्चाचा भार मुख्यतः लंडनमध्ये आश्रयाला गेलेल्या पोलिश सरकारनं उचलला. पाहुण्याला घरात घेतलं म्हणून इथं कुणाच्या दारात शिपाई येणार नव्हते. आपलं आतिथ्य खरं होतं. फक्त त्याची किंमत मोजायची वेळ आपल्यावर आली नव्हती. आणि आजीच्याच तोंडून मी हेही ऐकलं आहे की त्या काळी तिच्या माहेरच्या विहिरीवर सगळ्यांना पाणी भरता येत नसे. सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूम शाहू महाराजांनी १९१९ मध्येच काढलेले. हुकूम दप्तरात राहिला, रहाट होता तिथंच. सातासमुद्रापलीकडच्या बाईला आम्ही अंडी मोजून दिली, आणि वेशीबाहेरच्या बाईला ओंजळीत वरून पाणी ओतलं. याजक आणि लेवी बाजूनं निघून गेले तो रस्ता आमच्याही गावातून जात होता.

तरीही एक गोष्ट मनाला उभारी देते. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली आणि बेने इस्राएल ज्यूंचं घराणं कोकणात वाढलं, असं ते लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले. घाण्यावर तेल गाळणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी, म्हणून शनिवार तेली. गावाच्या नावाला 'कर' लावून त्यांची आडनावं झाली, मराठीत त्यांनी कीर्तनं केली. शतकानुशतकं त्यांना कुणाच्या माळ्यावर चढावं लागलं नाही. लपण्याची गरजच न पडणं, हाही आसराच. आणि माझ्या मते तो सगळ्यांत श्रेष्ठ आसरा, कारण त्यात कुणी वीर लागत नाही, कुणी हुतात्मा होत नाही, आणि इतिहासात त्याची नोंदही धड होत नाही.

आसऱ्याचं कर्ज फिटत कसं असेल? अ‍ॅम्स्टरडॅममध्ये लपून राहिलेल्या ॲन फ्रँकच्या कुटुंबाला दोन वर्षं भाजीपाला आणि पुस्तकं पोचवणारी मीप खीस ही मूळची व्हिएन्नाची. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीनं खंगलेली अकरा वर्षांची पोर, १९२० मध्ये हॉलंडच्या लायडन गावी एका परक्या घरात पोटभर जेवायला म्हणून पाठवलेली. त्या घरानं तिला ठेवून घेतलं. म्हणजे ती कपाटामागच्या जिन्यानं वर जाताना हातात जी पिशवी धरायची, ती बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या हातात दिलेलीच होती. वळिवड्याचंही तसंच काहीसं झालं. १९४८ मध्ये पोलिश माणसं निघून गेली. इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला, जिथं जागा मिळाली तिथं. एक मुलगी इथल्याच तरुणाशी लग्न करून कोल्हापूरची झाली. आणि रिकाम्या बराकींत फाळणीत सगळं सोडून आलेली सिंधी कुटुंबं शिरली. कराचीवरून आलेल्यांनी सोडलेल्या खोल्यांत सिंध सोडून आलेली माणसं. भिंतींवर कुणाच्या तरी पोरांनी खिळ्यानं ओढलेल्या रेघोट्या असतील, पोलिश अक्षरं असतील. त्यांवर चुना फिरला, त्यावर झुलेलालची तसबीर लागली. वस्तीचं नाव गांधीनगर पडलं.

यंदा गळीत हंगाम लांबला. कारखान्याचा भोंगा होतो, मळीचा आंबूस वास गल्लीभर फिरतो, आणि फडाकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत तीन दगडांवर भाकरी भाजली जाते. मराठवाड्यातून आलेल्या त्या बायकांच्या भाकरीचाही आवाज रात्री शांत झाल्यावर ऐकू येतो. तो आम्ही मोजत नाही. काकू आता राहिल्या नाहीत, आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्यांच्या घरात माणसं किती, हे मला सांगता येणार नाही.

पोलंडमध्ये २०१८ पासून २४ मार्च हा ज्यूंना वाचवणाऱ्या पोलिश माणसांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. वळिवड्यातही २०१९ मध्ये स्मृतिस्तंभ उभा राहिला. पण गांधीनगरला आपण जातो ते लग्नाचा बस्ता बांधायला, आणि गाठोडी गाडीत टाकून परततो. पुढच्या खेपेला साड्या बघून झाल्या की गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेठना विचारा, पोलंडवाले नेमके कुठं राहायचे. त्यांना बापाकडून ऐकलेलं आठवत असतं, आणि विचारणारं माणूस भेटलं की ते दुकान पोराकडे सोपवून दाखवायलाही येतात.